मतदानाच्या दिवशीचा रोवना

माझं माहेर बपेऱ्याचं, नदी ओलांडली का मध्यप्रदेश. लगन होऊन इकडे आली, एकोडीपासून दोन कोसावर आमचं गाव, तेव्हा गोंदिया अन् भंडारा एकच जिल्हा होता, मंग दोन झाले, पन आमच्या चिखलाले त्याचं काही मालूम नाई. काम तेच, रोवना. तुम्ही भंडाऱ्याच्या, मास्तरीनबाई, तुमच्या घरी माग चालत होते, म्हून सांगते, बांधी म्हंजे आमचं धानाचं शेत. तिच्यात पानी भरून चिखल करायचा, अन् पऱ्हे, म्हंजे धानाची रोपं, आदल्या दिवशी उपटून, पेंड्या बांधून त्या चिखलात फेकून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी बायाईनं ओळीनं वाकून रोवायच्या. उपटलेला पऱ्हा थांबत नाई. पेंडी उपटली का पाऊस येवो का घरी पाव्हना येवो, रोवना झालाच पाहिजे. हे ध्यानात ठेवा, पुढची सारी गोष्ट ह्याच्यावरच आहे.

माझी टोळी बावीस बायाईची. आमचे मालक लवकर गेले, पोरगा तेव्हा शाळेत, तर मी टोळी बांधली. कोनाची बांधी कोन्या दिवशी रोवायची ते मी ठरवत होती. एकदा जबान दिली का दिली, सूर्य उगवाच्या आधी आम्ही धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, उभ्या. माझी जबान कधी खाली गेली नाई, अन् त्यानंच मले मारलं, काय सांगू तुम्हाला.

तुमची भाची आंबागडले दिली आहे म्हनता, ती ग्रामपंचायतीले उभी राहून राहिली, पयलाच टाइम, तिले काही सांगा म्हनता. सांगते ना. दुसरे सांगतील गोड बोल, हात जोड, घरोघरी जा. ते तर करीनच ती, त्याले काय अक्कल लागते. मी तिले वैर कसं सांभाळायचं ते सांगते. माझ्यापाशी दहा वर्सं सांभाळलेलं होतं.

मी उभी राहिली तेव्हा आमच्या वार्डाची जागा बाईची निघाली. बायाच म्हनल्या, बाई तुम्ही उभ्या राहा, आमच्या बावीस घरची मतं कुठं जात नाईत. समोर ट्रॅक्टरवाल्याची बायको. त्याचं नाव मी घेत नाई, तुम्हीही लिहू नका, ट्रॅक्टरवाला म्हटलं का पुरे. तिची निशानी कोनाले मालूम नव्हती, फोटोत तिच्याहून मोठा तोच होता. मी छत्री घेऊन घरोघरी फिरली, माझी निशानी छत्रीच होती, पाऊसही होता, लोक हासत, म्हनत बाई निशानीखाली उभी आहे. लोक माझ्याकडून होते हो. त्यालेही दिसून राहिलं होतं.

आता माझी चूक ऐका. मतदानाची तारीख निघाच्या आधी मी लाखनीच्या अंगाच्या एका गावच्या शेतकऱ्याले रोवन्याचा दिवस देऊन बसली होती. तारीख निघाली, तोच दिवस. तो शेतकरी ट्रॅक्टरवाल्याचा साळा, हे मले मालूम होतं बरं, मी काही भोळी नव्हती, पन मी म्हनलं धानात कसलं राजकारन. त्याले निरोप धाडला, दिवस बदल, तो पाहू-पाहू करत राहिला. मतदानाच्या आदल्या दिवशी म्हनला, बाई, मानसं लावून पऱ्हे उपटून झाले, पेंड्या चिखलात पडल्या आहेत, आता तुम्ही सांगा. आता मी काय सांगू. शहरातला मानूस म्हनला असता, सडू दे तुझ्या पेंड्या. माझ्या तोंडातून ते निघालं नाई. उपटलेला पऱ्हा सोडून जायचं हे आमच्या हाताले शिकवलंच नाई कोनी.

तो म्हनला, भाटव्याचा, म्हंजे बहिनीच्या नवऱ्याचा, ट्रॅक्टर आहे ना, सकाळी नेतो, दोन वाजता आनून सोडतो, मतं द्या आरामात. मी बायाईले म्हनलं, चला, दोन वाजेपर्यंत उरकू. कंबर सरळ नाई केली आम्ही त्या दिवशी. दीड वाजता शेवटची पेंडी रोवली, हातपाय धुऊन रस्त्यावर येऊन उभ्या राहिलो. दोन वाजले, अडीच वाजले. तीन वाजता ड्रायव्हर पायी आला, म्हने ट्रॅक्टर बिघडला, पार्ट आनाले मानूस गेला. मंग आम्ही चालत निघालो. बावीस बाया, ओले लुगडे, दोघीचौघी तर पोटुशा, आडरस्त्यानं, नाल्यातून, धुऱ्यावरून. शाळेपाशी पोचलो तर फाटक बंद. पोलीस म्हनला टाइम झाला. मी त्याच्या पाया पडली, खोटं नाई सांगत, त्या पोराच्या पाया पडली मी. तो तरी काय करीन.

सात मतानं पडली. बावीस मतं धुऱ्यावर चालून राहिली होती अन् मी सात मतानं पडली.

पडन्याचंही काही नाई, पडते मानूस. पन मोजनी झाली त्या दिवशी मिरवनूक निघाली, गुलाल, बाजा, अन् म्होरं तोच ट्रॅक्टर. बिघडलेला. माझ्या दारासमोर आनून उभा केला, चालू इंजिन, धूर माझ्या ओसरीत, अन् ट्रॅक्टरवाला वर बसून म्हनते, बाई, कुठं जायचं असंन तर सांगा, सोडून देतो. सारे हासले. माझ्या टोळीतल्या दोघी दारात उभ्या होत्या, त्याईनं खाली पाहिलं. माझा पोरगा काठी घ्याले धावला, मी त्याचा हात धरला. मी म्हनलं बस खाली. त्या धुराचा वास मले आजही येते, तुम्हाला खोटं वाटंन, पन येते.

तर भाचीले पयली गोष्ट ही सांगा. मतं किती आहेत ते मोजू नको म्हना, त्या दिवशी मतं कुठं राहतीन ते मोज. कोन रोवन्याले जाईन, कोन माहेरी, कोन दवाखान्यात, अन् परत कशी येईन, कोनाच्या गाडीनं. एकेक नाव घेऊन विचार. अन् दुसऱ्याच्या चाकावर आपलं मानूस बसवू नको.

त्या दिवसापासून ट्रॅक्टरवाल्याच्या बांधीत आमचा पाय नाई. दहा वर्सं. आमचं पाहून गावातल्या दुसऱ्या टोळीनंही सोडलं. मंग तो नदीपलीकडून, मध्यप्रदेशातून, बाया आने, त्याईले ठेवा, खाऊ घाला, अन् रोवना तर असा का दोन ओळीतून बैल निघून जाईन. मी रस्त्यानं जाताना उभी राहून त्याच्या बांध्या पाहत होती. पिवळं धान पाहून मले बरं वाटे. देव माफ करो, पन वाटे. पोटभर जेवल्यासारखं वाटे.

मंग पोराचं लगन झालं, सून आली, सुनंदा. बारावी शिकलेली, तोंडानं तेज. यंदाच्या आधीच्या निवडनुकीत ती म्हनली, आई, मी उभी राहते. जागा बाईची नव्हती, खुली होती, अन् समोर बायको नाई, तो स्वतः उभा. मी म्हनलं राहा. अन् मतदान आलं पुन्हा ऐन रोवन्यात.

त्या साली पाऊस उशिरा आला. साऱ्या गावाचा रोवना एकदमच निघाला, नदीपलीकडच्या बायाईले त्याईच्याच गावात काम, त्या आल्या नाईत. ट्रॅक्टरवाल्याचे पऱ्हे वाढून वाढून गुडघ्याले लागले. आठ दिवस अजून गेले असते तर बैलाले टाकायचे होते. मंग एका सकाळी तो माझ्या अंगनात आला. चपला बाहेर काढून आला, मी पाहिलं. म्हनला, बाई, जुनं सोडून द्या, माझ्या तलावाखालच्या बांध्या रोवून द्या. मी चूल सारवत होती, उठली नाई. म्हनलं, दिवस नाई. तो म्हनला, काही करा. मी बोटं मोजल्यासारखं केलं अन् म्हनलं, मतदानाच्या दिवशी टोळी खाली आहे.

तो आतल्या आत हासला. ओठ नाई हालले, पन मले दिसलं. त्याले वाटलं बुढी विसरली.

सुनंदा माझ्यावर अशी भडकली का दोन दिवस जेवन वाढलं पन बोलली नाई. मंग बोलली, आई, एकदा फसल्या, आता मलेही घेऊन डुबून राहिल्या का. बायाईनंही विचारलं, काहून जबान दिली. मी म्हनलं, तुम्ही फक्त माझ्यासंगं या, मी उभी झाली का उभ्या व्हा. सुनेले मी काही सांगतलं नाई. तिच्या तोंडावर राग खरा पाहिजे होता, तो रोज तिच्या तोंडाकडे पाहून राहिला होता ना.

मतदानाच्या दिवशी पहाटे आम्ही त्याच्या धुऱ्यावर. पेंड्या साऱ्या बांध्याईत फेकलेल्या, हिरव्यागार. रोवाले लागलो. चांगलं रोवलं बरं, एकेक चूड, म्हंजे रोपाचा झुबका, सरळ. तो धुऱ्यावर छत्री घेऊन फिरून राहिला, मधात गावात जाऊन येऊन राहिला, खुशीत. नऊ-दहा वाजले असतीन, अर्धं झालं होतं. मी कंबर सरळ केली. माझ्यामागं बावीसच्या बावीस उभ्या झाल्या. सारे हात थांबले.

तो धावत आला. काय झालं, काय झालं. मी म्हनलं, मत द्याचं आहे. तो म्हनला, उरकून जा ना, दोन वाजता मी सोडतो. हेच म्हनला हो, दोन वाजता. दहा वर्सांनी तेच शब्द. मी म्हनलं, आता जायचं, अन् पायी नाई जायचं. ट्रॅक्टर आन. ड्रायव्हर नाई पाहिजे, तू चालव. मजूर बाया आहोत तुझ्या, नेनं-आननं मालकाचं काम. नाईतर ह्या पेंड्या अन् तू. ऊन चढून राहिलं आहे.

त्यानं बांध्याईकडे पाहिलं. अर्धी रोवलेली, अर्धी तशीच, पेंड्या पान्यात. मंग माझ्याकडे पाहिलं. मले त्याचं तोंड असंच पाहाचं होतं, दहा वर्सं मी हेच तोंड मनात काढून ठेवलं होतं, अन् तस्संच निघालं.

चालवला त्यानं. बावीस बाया ट्रॉलीत उभ्या, गुडघ्यापर्यंत चिखल, रोवन्याचं गानं म्हनत, अन् मी म्होरं त्याच्याजोळ मडगार्डवर बसली. तलावाच्या पाळीवरून, बाजारातून, साऱ्या गावातून. त्याच्या मंडपातल्या मानसाईनं दुरून पाहिलं, त्याईले वाटलं मालकच मतं घेऊन आला, टाळ्या वाजवाले लागले. मंग जोळ आल्यावर मी दिसली. टाळ्या कशा बंद झाल्या ते तुम्हाला लिहिता नाई येनार. सुनंदा आमच्या मंडपातून उठून उभी राहिली, तिच्या हातातला कप तसाच वाकडा, च्या सांडून राहिला. चुन्याच्या रेघेबाहेर त्यानं आमाले उतरवलं. आत शाई लावनारा साहेब म्हनला, बाई, चिखल पुसा, बोट दिसत नाई. मी लुगड्याले पुसलं.

मत देऊन आम्ही त्याच ट्रॅक्टरनं परत गेलो. सुनंदा म्हनली, आता कायले जाता, सडू द्या. माझ्या मनातही तेच होतं, लपवत नाई. ट्रॉलीजोळ मी दोन मिनिट उभी राहिली. पन बाया चढून बसल्या होत्या. साऱ्यात म्हातारी जी, ती म्हनली, बाई, पेंड्या पडल्या आहेत ना. मंग गेली मी. दिवस बुडाच्या आत शेवटची बांधी रोवली. रोवना संपला का मालकाले चिखल लावाची आमच्याइकडे रीत आहे, मालकानं मान वाकवायची अन् साऱ्याईले जेवू घालायचं. मी मूठभर चिखल घेतला, त्यानं मान वाकवली. मी त्याच्या कपाळाले लावला, अन् म्हनलं, कुठं जायचं असंन तर सांगा.

सुनंदा अकरा मतानं आली. मिरवनूक त्याच्या दारासमोरून न्याची नाई, असं तिनं ठरवलं. मले नाई आवडलं. मी एकटी गेली, गुलाल लावून, त्याच्या दारासमोरून हळूहळू चालत, अन् परत आली. सुनेले आजपर्यंत सांगतलं नाई, तुम्हीही भाचीलेच सांगा फक्त.

आता माझी कंबर गेली, टोळी दुसरी चालवते, मी धुऱ्यावर बसून पाहते. सुनंदा पंचायतीत जाते, कधी आमचं जमते, कधी नाई. ट्रॅक्टरवाला रस्त्यात भेटला का खाली पाहून जाते. त्या साली त्याच्या बांधीत धान मात्र असं पिकलं का गावात कोनाचंच तसं नव्हतं, रोवनाच तसा केला होता आम्ही. घरी खायाले भरून ठेवलं त्यानं. मले सारे म्हनत, बाई, त्याचं काहून भलं केलं. मी म्हनलं, वर्सभर दोन्ही टाइम तो माझ्या हाताचं खाईन, अन् त्याले मालूम राहीन. खाऊ द्या.

भाचीले माझा आशीर्वाद सांगा. निवडून ये म्हना, अन् पडली तरी घरी बसू नको. कोनी हासलं तर त्याचं तोंड नीट पाहून ठेव. अन् हातातलं काम मात्र अर्धं सोडू नको.