हॉलमधली भट्टी

सौदी अरेबियातल्या ताबुकची थंडी कशी असते, ते माझ्या गुडघ्यांना विचारा. मी सुधीरला, माझ्या मुलाला, स्पष्टच सांगितलं, "हॉलमध्ये लाकडाची भट्टी बसव, नाहीतर माझं परतीचं तिकीट काढ."

"अगं आई, खोल्याखोल्यांत हीटरची गरम हवा येते. आणखी काय हवंय तुला?"

"त्या हवेभोवती बसता येतं का रे? जो तो आपल्या खोलीत दार लावून. मी काय भिंतीशी बोलू?"

घरमालक सौदी. त्यांच्याकडे थंडीत विस्तवाशिवाय पाहुणचार होत नाही. तो म्हणाला, "यल्ला, बसवा!" लोखंडी भट्टी आली, धुराडं भिंतीतून बाहेर काढलं आणि संध्याकाळी मी लाकडं पेटवली.

थोड्या वेळानं नात रजई ओढत बाहेर आली. "आजी, माय रूम इज फ्रीझिंग!" तिच्यामागून नातू आला, मग सूनबाई शाल लपेटून आली.

सुधीर सगळ्या खोल्या फिरून आला. "आई, घोटाळा झालाय. घर किती तापलं ते ओळखणारं हीटरचं यंत्र नेमकं तुझ्या भट्टीच्या वर आहे. हॉल तापला की त्याला वाटतं सगळं घर तापलं, आणि ते हीटर बंद करतं. उद्या माणूस बोलावून ते हलवतो."

मी भट्टीत आणखी एक लाकूड सारलं.

"त्याला हात लावलास, तर तिकीट काढ माझं. आता सरक जरा, बायकोला बसायला जागा दे."