तक्रारीतलं पहिलं नाव

नाही हो साहेब, बसा, उभ्यानं काय बोलायचं — तो कपड्यांचा ढीग सरकवा तिकडे, धुतलेलेच आहेत, नुसत्या चेन बदलायच्यात. चहा विचारत नाही, तुम्ही पडलात समोरच्या पक्षाचे, उगीच आमच्या वकीलबाई म्हणायच्या, चहा पाजला. तर काय म्हणत होतात — मी तक्रारीतलं माझं नाव मागं घ्यायचं आणि कंपनी माझे पैसे व्याजासकट परत देणार. फक्त माझे. बाकीच्यांचं काय? त्यांचं कोर्ट बघेल. बरोबर आहे, कोर्ट बघतंयच की, दोन वर्षं नुसतं बघतंय. तारखेला जायचं, बाकावर बसायचं, पुढची तारीख घेऊन यायचं. विटलाय जीव, खरं सांगते. जिन्यात भेटेल तो विचारतो, पैसे कधी मिळणार? जसे काही मी उशाखाली घेऊन झोपलेय.

त्यांचं तरी काय चुकतंय म्हणा. त्यांना तुमच्या कंपनीच्या दुकानात नेलं कुणी? मीच. कपडे धुवायचं मशीन, बिनव्याजी हप्ते, एक पैसा जास्त नाही — सगळ्या इमारतीला सांगत सुटले होते. खालची नर्सबाई, वरचे निवृत्त मास्तर, सगळे माझ्या शब्दावर आले. आणि तिथली पद्धत कशी, तर टॅबलेटवर दुकानातला माणूसच सगळं भरणार, बोटानं भराभर वर सरकवणार आणि म्हणणार, मोबाइलवर आकडे आले असतील, तेवढे वाचा. वाचले की झाली सही! नर्सबाईनं चष्मा आणला नव्हता, तर तिचे आकडे मीच वाचले, मोठ्यानं, शाळेत कविता म्हणतात तसे. त्या आकड्यांच्या मागं काय काय होतं ते नंतर कळलं — खातं सांभाळायचे पैसे, मशीनचा विमा, विम्यावर पुन्हा कसलेसे पैसे, दर महिन्याला. गोगलगाय नि पोटात पाय. विमा तरी कसला, तर मास्तरांचं मशीन बंद पडलं तेव्हा म्हणाले, आत पाणी गेलंय, पाण्याचं नुकसान विम्यात बसत नाही. अहो, कपडे धुवायचं मशीन! पाण्यानं नाही तर काय वाळूनं धुवायचे?

हसलात. हसा, मास्तर नव्हते हसले. मग वकीलबाई भेटल्या, म्हणाल्या, एकेकट्यानं गेलात तर कुणी हिंग लावून विचारणार नाही, सगळ्यांची मिळून एकच तक्रार करू, गावोगावची माणसं आहेत अशी फसलेली, फक्त पुढं एक नाव लागतं. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी नाही कसं म्हणणार?

घड्याळ बघू नका, करते सही. खरंच करते, द्या ते पेन. थांबा — एक अट आहे. पैशांची नाही. म्हणजे पैसे द्या, नको कशाला म्हणू, पण अट वेगळी आहे. दुकानात हप्त्यांच्या टेबलावर तो एक बसतो ना, उंचसा, बोलताना मान तिरकी करतो — त्याच्या नोकरीला हात लावायचा नाही. एवढं तुमच्या वरच्यांकडून कबूल करून घ्या. का म्हणजे? चांगला माणूस आहे म्हणून. वरून पढवलं ते तो बोलायचा, विमे खपले नाहीत की त्याचा पगार कापायचे. मला कसं माहीत? आहे माहीत. खोटं बोलला की कान लाल होतात त्याचे, लहानपणापासून, आणि मशीन घेतलं त्या दिवशी नव्हते झाले, म्हणजे त्यालाही धड ठाऊक नव्हतं —

हो. भाऊ आहे माझा. धाकटा, सख्खा. वकीलबाईंनाही बोलले नाही, तुम्हीही कुठं बोलू नका. आई गेली तेव्हा शाळेत होता तो, दर वर्षी त्याच्या पँटची दुमड मीच उसवून लांब करायची. तक्रार गेली त्या दिवसापासून बोलत नाही माझ्याशी. पलीकडच्या इमारतीत राहतो, याच दारावरून जातो, मान वळवत नाही. मी शिवणावरून डोकं वर काढते आणि तो गेलेला असतो. आपलेच दात, आपलेच ओठ — सांगू कुणाला? जिन्यातल्यांना त्यांचे पैसे हवेत, मला माझा भाऊ हवाय. म्हणून म्हटलं, करावी सही आणि संपवावं. नर्सबाई तोंड फिरवील, फिरवू दे.

नजर का चोरताय? — कामावरून काढलं? कुणाला, त्याला? कधी? अहो, गेल्या महिन्यात कसं काढाल, आज सकाळी तर गेला समोरून! कंपनीचा शर्ट, इस्त्री केलेला, हातात डबा. भावजय कालच म्हणाली, हल्ली फार उशिरा सुटतात. मग तो जातो कुठं? दिवसभर बसतो कुठं हा, डबा कुठं खातो? आणि कोर्टाला काय लिहून दिलंत — चूक आमची नाही, दुकानातल्या माणसाची? चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि मी वेडी इथं त्याच्या नोकरीसाठी अट घालत बसलेय.

नाही, सही नाही. आता कशासाठी करू? पेन घ्या तुमचं. तुमच्यावर राग नाही, तुम्हीही कुणाचे तरी नोकरच. पण पहिलं नाव माझंच राहील, आणि वकीलबाईंना आज सगळं सांगणार, भावाचंसुद्धा. उठा आता. दार लोटू नका, राहू द्या तसंच — दुकान बंद व्हायच्या वेळेला तो येईल ना, कामावरून आल्यासारखा, तेव्हा मी त्याच्या वाटेत उभी राहणार आहे. जा तुम्ही.