मनीची बाटली

फ्रिजचं कौतुक मला नका सांगू. आमच्या म्हाताऱ्या मांजरीला, मनीला, शुगर निघाली. गुरांच्या डॉक्टरनं रोज इन्सुलिनची सुई सांगितली. गल्लीत फ्रिज एकच, शेजारच्या काकूंचा. दुधाशेजारी मांजरीचं औषध त्या कशाला ठेवतील? म्हणून आईनं ते स्वतःचंच आहे असं सांगितलं.

ऐन मे महिन्यात काकू घाईघाईत कुलूप लावून भिवापूरला माहेरी गेल्या. दुकानात दुसरी बाटली मिळेना. मनी नुसती पाणी पीत वाळत गेली आणि एके दुपारी माठापाशीच मेली.

तिला पुरून आई अंगणात बसली होती, तेवढ्यात काकू धावत आल्या.

"वहिनी, तुमचं औषध माह्याकडंच राहिलं वं! सारा रस्ता जीव टांगणीले!"

मग आईला नीट न्याहाळून हसल्या.

"सुईबिना तं ठणठणीत दिसून राहिल्या! मंग काहून टोचून घेता?"