अक्का पान्यात उतरली तेव्हा

माह्यं माहेर असोद्याचं. जात भोयाची, पन बापानं जन्मात नाव चालवली नाही, केळीचे घड वाहायचा, अन आम्हा पोरींना पानी म्हंजे पाटाचं, घोट्याएवढं. अन दिली कुठं, तर शिंदखेड्याकडं, तापीच्या काठावर, जिथं दारात उभं राह्यलं तर पल्याडचा काठ धुरासारखा दिसतो. काय सांगू तुम्हाला, पह्यल्या दिवशी मी नदीकडं पाठ करूनच भांडे घासले.

घरात मालक अन त्यांची मोठी बहीन, अक्का. सासरा लवकर गेला, मालक तेव्हा लहान, मंग अक्कानंच वल्हं हाती घेतलं. लोक म्हनायचे, बाईचा पाय नावेत पडला की मासा पळतो. अक्का म्हने, पळू द्या, मी त्याच्या मांगं जाईन. लग्न झालं, नवरा दोन वर्षांत वारला, ती परत आली ती थेट नावेत. उंच, काळीशार, हात कसे, तर दोरखंड. तिच्यासारखी बाई मी पाह्यली नाही, खोटं कशाला बोलू.

दसरा झाला की गढूळ पानी निवळतं अन कटला, रोहू काठाकडं चरायला येतात. मोठ्या माशाचे दिवस ते. त्या साली अक्कानं मला बळंच नावेत बसवलं, म्हने भोयाची सून अन पान्याले पाठ दाखाडस? मी दोन्ही हातांनी फळी धरून बसलेली. सकाळचं ऊन, वारा नाही. जाळ्यावर थर्माकोलचे तुकडे तरंगत होते, ते एकदम गपकन खाली गेले. मालक हरखले, कटला शे अक्का, मोठा शे! उठून उभेच राह्यले अन जाळ्याची दोरी मनगटाला गुंडाळली. अक्का वरडली, गुंडाळू नको रे! तेवढ्यात माशानं हिसका दिला अन मालक पान्यात. पाय जाळ्यात अडकला असंन, वर येईचनात. नुसते बुडबुडे.

मी किंचाळले. अक्का नाही किंचाळली. वल्हं माह्या हातात दिलं, म्हने नाव आठेच धर, जाऊ देऊ नको. पदर खोचला, विळा घेतला अन उतरली. उडी नाही मारली, उतरली, जशी आपन ओट्यावरून उतरतो तशी. मी जन्मात वल्हं धरलेलं नाही, नाव गोल फिरे, मी रडू अन वल्हं मारू, रडू अन मारू, पन जागा सोडली नाही. किती वेळ गेला देव जाने. मंग अक्काचं डोकं वर आलं, अन तिच्या मुठीत मालकाचे केस.

जाळं तिनं उभं फाडलं होतं, नवं कोरं जाळं. मासा अर्धं जाळं घेऊन गेला. मालकांनी पानी ओकलं, डोळे उघडले, अन पह्यला शब्द काय, तर कटला गया का? अक्कानं अशी थोबाडीत दिली, अन मंग त्यालाच पोटाशी धरून रडली. तेवढीच एकदा मी तिला रडताना पाह्यली.

दुसऱ्या दिवशी मी दार लावून बसले तर ही हजर. चाल, म्हने, भ्याव वल्लं शे तवलोंगच निघी, वाळनं का मंग निघाव नही. म्हंजे भीती ओली हाये तवरच निघते, वाळली की अंगालाच बसते. मला कमरेइतक्या पान्यात नेलं, पाठीखाली हात धरला, लुगड्यासगट तरंगायला शिकवलं. काठावरच्या बाया हसायच्या. मंग त्यांच्यातल्याच दोघी म्हनाल्या, अक्का, आम्हालेबी शिकाड.

आता मालकांचा खांदा दुखतो, ते जाळे विनतात, मासे विकायला नरडान्याला जातात. नाव मीच चालवते. अक्काचे गुडघे गेले, चढता येत नाही. यंदा कोजागिरी झाल्यावर तिनं हट्टच धरला, तर मी अन तिच्याकडं तरंगायला शिकलेल्या बाया, अशा आम्ही चौघींनी प्लास्टिकच्या खुर्चीसगट उचलून तिला नावेत ठेवलं. बसली राजासारखी. उजवीकडं घे, हळू, आता थांब. अन थांबले तिथंच कटला लागला, मांडीएवढा. मला वाटलं आता ही काहीतरी मोठं बोलंन, आशीर्वाद देईन. तिनं माशाच्या कल्ल्याखाली बोट घालून पाह्यलं, म्हने ताजा शे, मुंडकं माले ठेवजो, अन रस्सा पातळ करू नको.

केला घट्ट. दोनदा मागून खाल्ला. असंच खात राहो माय माझी, अन मला रागावत राहो. बाकी तापीला पानी हाये तवर आमचं भागंन.