प्रस्थानाच्या गाठोड्यातील सहावी वस्तू

पोलीस ठाणे, तंजावूर शहर
दिनांक १७ मे १९९७, शनिवार, दुपारी तीन वाजता

नाव: बी. कनकलता
वडिलांचे नाव: बाळकृष्णराव
वय: २४ वर्षे
शिक्षण: इलेक्ट्रॉनिक्स व इन्स्ट्रुमेंटेशन पदविका
धंदा: साखर कारखान्यात नोकरी, उपकरण विभाग
राहणार: राजवाड्यामागील गल्ली, तंजावूर

आज ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर आम्ही सहा जण राहतो. मी, माझे वडील, थोरला भाऊ प्राणेश, वहिनी राजलक्ष्मी, त्यांची नऊ वर्षांची मुलगी भुवना आणि वडिलांची बहीण अंबुजा. अंबुजा ही माझी आत्या. ती मुलींच्या शाळेत हिंदी शिकवत असे व तीन वर्षांपूर्वी, वयाची अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर, निवृत्त झाली. माझी आई मी चार वर्षांची असताना वारली. तेव्हापासून घरातले कोणीही कुठेही गेले तरी आत्या घर राखायला मागे राहते.

मद्रास शहराबाहेर एक मोठे थीम पार्क झाले आहे. तेथे एका दिवसाची सहल करायचे आम्ही महिन्यापूर्वी ठरवले. जाणारे पाच: वडील, भाऊ, वहिनी, भुवना व मी. आजच का, असे विचारण्यात आले. २ जूनपासून मी होसूर येथील कारखान्यात रुजू होणार असून त्याआधी भावाला व मला एकत्र सुट्टी असलेला हा एकच रविवार आहे. याचा घटनेशी संबंध नाही.

सहलीचे नियोजन माझ्याकडे होते. आज रात्री साडेनऊला भाड्याच्या व्हॅनने निघायचे, पहाटे तांबरमला वहिनीच्या मावशीकडे आंघोळी उरकायच्या, फाटक उघडताच आत शिरायचे. लोक दारातल्याच पहिल्या पाळण्यासमोर रांग लावतात. म्हणून आम्ही सरळ शेवटच्या टोकाला जाऊन तेथून उलटे फिरत यायचे, आणि पाण्याचे खेळ दुपारी घ्यायचे, म्हणजे ओले कपडे अंगावर वाळतात. वडिलांनी या बेताचे कौतुक केले. मग ते पंचांग घेऊन बसले.

उद्यानाचे नियम मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवले. आत्या तेव्हा सांबारचे कांदे सोलत होती. तिचे म्हणणे असे पडले की, उलटे टांगून घ्यायला मद्रासला जायला नको, राजवाड्यातली वटवाघळे हे काम फुकट करतात.

"पाण्याच्या खेळांत आणि उंच चक्रात साडीला मनाई आहे," मी वाचले.

"मग साडीवाल्यांनी काय करायचं गे? खाली उभं राहून चपला राखायच्या?"

"चुडीदार घालायचा."

"अय्यो रामा! आणि म्हाताऱ्यांनी?"

"साठीच्या पुढच्यांना उंच खेळांत सोडत नाहीत."

"बरंच झालं," आत्या म्हणाली. "मला कुठं यायचंय? विचारलं आपलं."

त्यानंतर ते चक्र केवढे उंच आहे, हेही तिने आपले विचारले. मी शंभर फूट सांगितले. तिने आणखी एक कांदा सोलला. तो कांदा आधीच सोललेला होता.

वडिलांच्या मते आज रात्रीचे नक्षत्र प्रवासाला वर्ज्य आहे. गाडी व सुट्टी बदलणे शक्य नसल्याने त्यांनी प्रस्थान ठेवायचे ठरवले. प्रस्थान म्हणजे काय, हे नोंदीसाठी सांगते. प्रत्यक्ष निघायची वेळ चांगली नसेल तर आधीच्या शुभ वेळेला प्रत्येक प्रवाशाच्या वापरातली एक वस्तू गाठोड्यात बांधून, जायच्या दिशेला दुसऱ्या कोणाच्या घरी नेऊन ठेवतात. प्रवास त्या घटकेला सुरू झाला असे धरतात. मग जाताना वाटेत गाठोडे उचलायचे. ते परत आपल्या घरी आणायचे नाही. आणले तर प्रवास मोडला.

उपनिरीक्षक साहेबांनी येथे मला थांबवून सांगितले की परस्थान (त्यांचा उच्चार) त्यांना ठाऊक आहे, त्यांची आजीही ठेवत असे. "पण अम्मा, तिच्या गाठोड्यातून वायर बाहेर येत नव्हती."

त्या वायरबद्दल माझे म्हणणे असे. काल शुक्रवारी सकाळी वडिलांनी प्रत्येकाकडे एकेक वस्तू मागितली. त्यांनी स्वतःचे पांढरे अंगवस्त्र दिले, भावाने काळा चष्मा, वहिनीने कंगवा, भुवनाने प्लास्टिकचे बदक. माझ्या हाताशी मल्टिमीटर होता, तो मी दिला. वीजदाब मोजायचे हे उपकरण असून त्याला एक तांबडी व एक काळी वायर असते. ते माझ्या मालकीचे आहे. पाचही वस्तू हळदीत बुडवलेल्या पिवळ्या फडक्यात ठेवल्या. वडिलांच्या गाठी सुटतात, म्हणून गाठ आत्याने बांधली. त्यासाठी ती गाठोडे आतल्या खोलीत घेऊन गेली. उजेड बाहेर जास्त असताना ती आत का गेली, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. फडके पाच वस्तूंना पुरेसे होते. तरीही वायरींची टोके गाठीबाहेर राहिली होती, ते मी पाहिले. कारण कळले नाही.

वडिलांनी गाठोडे उत्तरेकडे कुंभकोण रस्त्याला लागून असलेल्या सीतारामराव यांच्या घरी नेले. सीतारामराव हे वडिलांचे जुने मित्र. ते मुलीकडे गेले असून घराला कुलूप होते. शुभ वेळ संपत आलेली. वडिलांनी गाठोडे तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, ठेवले, नमस्कार केला व परत आले. घराचा पुढचा भाग एस.टी.डी. बूथला भाड्याने दिला आहे, हे त्यांनी पाहिले नाही. बूथचा फलक चार फूट लांब व लाल आहे.

बूथचालक सुब्रह्मण्य हे तिरुनेलवेलीकडचे असून त्यांची आमची ओळख नाही. काल त्यांचा बूथ बंद होता. आज सकाळी उघडायला आले असता त्यांना ओट्यावर पिवळे गाठोडे व त्यातून डोकावणाऱ्या दोन वायरी दिसल्या. बेवारस वस्तूला हात लावू नये, अशा सूचना बसस्टँडवर लागलेल्या आहेत. त्यांनी हात लावला नाही. बूथमधूनच पोलिसांना फोन केला. त्यांचे वर्तन योग्य होते. त्यांनी नंतर जमावाला सांगितले की आतून टिकटिक ऐकू येत होती. मल्टिमीटर टिकटिक करत नाही.

पोलिसांनी रस्ता अडवून गाठोडे बांबूने उचलले व पाण्याच्या बादलीत बुडवले. अर्ध्या तासाने बाहेर काढून ठाण्यात आणले. मल्टिमीटरचा पडदा अजून आकडा दाखवतो. सध्या तो एका कोरड्या टेबलात दोनशे तीस व्होल्ट असल्याचे सांगत आहे. माझी तक्रार नाही.

बातमी समजल्यावर मी आत्याला सोबत घेऊन ठाण्यात आले. वडील का आले नाहीत, असे विचारण्यात आले. प्रस्थान ठेवणाऱ्याने निघायच्या वेळेआधी त्याला सामोरे जायचे नसते. गेला तर तो निघालाच असे होते, आणि त्याला तसेच पुढे मद्रासला जावे लागते. वडिलांचा सदरा इस्त्रीला गेलेला आहे.

ठाण्यात माझ्यासमोर गाठोडे सोडण्यात आले. अंगवस्त्र, चष्मा, कंगवा, बदक व मल्टिमीटर मी ओळखले. या पाच वस्तूंखेरीज त्यात सहावी वस्तू निघाली: एक नवा कोरा चुडीदार, रंग पोपटी, ओढणीसह. रंग कच्चा असल्याने वडिलांचे अंगवस्त्रही आता पोपटी आहे. वायरी गाठीबाहेर का राहिल्या, ते मला या वेळी कळले.

"माणसं पाच, वस्तू सहा," साहेब म्हणाले. "हा कोणाचा?"

बाकावरून आत्या म्हणाली, "हिचाच असेल साहेब. आजकालच्या पोरी. आज एक सांगतात, उद्या एक शिवतात."

माझी उंची पाच फूट सहा इंच आहे. महिला शिपायांनी कमीज माझ्या खांद्याला लावून पाहिली. ती माझ्या गुडघ्याच्या वीतभर वर संपली. ती माझी नाही. वहिनी माझ्याहून उंच आहे. भुवना त्यात दोनदा मावेल.

कमीजेच्या मानेला तिरुवैयारू गावच्या एका शिंप्याचे लेबल आहे. आमच्या गल्लीत तीन शिंपी असताना घरातले कोणी तिरुवैयारूला कपडे शिवून घेत नाही. या महिन्यात तिरुवैयारूला एकच व्यक्ती दोनदा जाऊन आली. तेथे एक विद्यार्थिनी हिंदीच्या परीक्षेला बसते आहे, असे तिने घरी सांगितले होते. मे महिन्यात कोणती परीक्षा, असे वहिनीने विचारले. "पुढच्या वर्षीची," असे उत्तर मिळाले.

आत्या म्हणाली, "कापडाला माणूस कशाला हवा साहेब? लिहा, एक कापड, पोपटी. संपलं."

साहेबांनी सांगितले की तसे लिहिता येत नाही. गाठोडे एकच असल्याने त्यातल्या प्रत्येक वस्तूला मालक मिळाला तरच ते सोडता येईल. एक जरी वस्तू बेवारस राहिली तर सगळे मुद्देमालात जाईल व सोमवारी कोर्टापुढे ठेवावे लागेल. सोमवारी माझी रजा संपते. गाठोड्याशिवाय वडील गाडीत पाय ठेवणार नाहीत, आणि ते नाहीत तर कोणीच जाणार नाही, हे मी साहेबांना सांगितले. आत्याने ते ऐकले. ती भिंतीवरच्या हरवलेल्या इसमांच्या फोटोंकडे बघत राहिली.

मग मी साहेबांना म्हणाले की माझ्या जबाबात चूक आहे. जाणारे सहा आहेत.

"सहावं कोण?" साहेबांनी विचारले.

मी बाकाकडे पाहिले. महिला शिपाईही त्या बाजूला पाहू लागल्या. त्यांच्या हातात कमीज तशीच उलगडलेली होती, आणि अंतरावरूनही माप बरोबर दिसत होते.

"मला कोणी विचारलंच नाही," आत्या म्हणाली. "पाच जण जाणार, पाच जण जाणार, महिनाभर हेच. सहावी यायचीय का, असं कोणाच्या तोंडून आलं?"

"तू येत नाहीस म्हणाली होतीस."

"मग काय, नाचत सांगू? आणि घर? सकाळी दूध कोण घेईल?"

"दूधवाल्याला दोन दिवस येऊ नको म्हणून मी बुधवारीच सांगितलंय. किल्ली समोरच्या मामींकडे. तुला गाडी लागते म्हणून पुढची खिडकीची जागा ठेवलीय."

जाणारे पाच असताना ती जागा आधीच का ठेवली होती, असे साहेबांनी विचारले. कोणत्याही यंत्रणेत थोडी जादा क्षमता ठेवतात, असे मी उत्तर दिले. आत्या म्हणाली, "बघा साहेब, कशी बोलते. लहानपणापासून अशीच. ताप आला तर आधी थर्मामीटर तपासायची."

आत्याने चुडीदार आपला असल्याचे मान्य केले. शिवून घेण्याचा हेतू विचारला असता तो फक्त बघण्यासाठी शिवला, असे तिने सांगितले. साहेबांनी तसे लिहून घेतले.

मालकीबद्दल तिची सही हवी असल्याने तिला नाव व वय विचारण्यात आले. नाव तिने लगेच सांगितले. वयाला तिने माझ्याकडे पाहिले.

"अठ्ठावन्न," ती म्हणाली.

साहेबांनी जबाबाचे पहिले पान उलटले, सुरुवातीचा मजकूर वाचला आणि मला विचारले की हे बरोबर आहे काय. मी मोजमापाचे काम करते व चुकीचा आकडा लिहून देत नाही. मी सांगितले की आत्याच्या जन्माच्या वेळी मी हजर नव्हते. ती स्वतः हजर होती. ती सांगते ते बरोबर असावे.

"पोलिसांची सही असलेला कागद आहे," आत्या हळूच मला म्हणाली. "त्या चक्रवाल्याने विचारलं तर याची नक्कल मिळेल का?" मी अर्ज करावा लागेल असे सांगितले.

गाठोडे घरी पाठवू नये, अशी माझी विनंती आहे. हे ठाणे कुंभकोण रस्त्यावर, आमच्या जायच्याच दिशेला आहे. वडिलांना मी विचारून आले होते. दुसऱ्याचे घर म्हणून ठाणे चालेल, असे त्यांचे मत आहे. वाटेत स्नान घडले, याला शास्त्रात हरकत नाही, असेही ते म्हणाले. तरी सर्व वस्तू पुन्हा त्याच फडक्यात बांधून रात्रीपर्यंत येथेच ठेवाव्यात. व्हॅन फाटकासमोर उभी राहील, वडील स्वतः उतरून गाठोडे उचलतील व पोच लिहून देतील. साहेबांनी हे मान्य केले असून गाठोडे सध्या त्यांच्या टेबलावर, पंख्याखाली, वाळत आहे. या वेळीही गाठ आत्याने बांधली. वायरी आत घेतल्या आहेत.

वरील जबाबात दोन दुरुस्त्या सांगते. जेथे "जाणारे पाच" असे आले आहे तेथे "जाणारे सहा" असे वाचावे. आत्याच्या निवृत्तीबद्दल "तीन वर्षांपूर्वी" असे आले आहे तेथे "नुकतीच" असे वाचावे.

कमीजेच्या मापाचा मजकूर काढून टाकावा, अशी आत्याची तिसरी सूचना आहे. तो तसाच ठेवला आहे.

हा जबाब मला, आणि बाकावर बसलेल्या आत्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवला. दुरुस्त्यांसह तो माझ्या सांगण्याप्रमाणे उतरला आहे व बरोबर आहे.

सही: बी. कनकलता

मालकीबद्दल व दुरुस्त्यांबद्दल सही: अंबुजा, वय ५८