बापाच्या अंगावरचं लुगडं

पौड पोलीस ठाणे. बुधवार, दिनांक ११ फेब्रुवारी १९५९, दुपारी साडेचार.

नाव नथू भिवाजी गोळे. वय अंदाजे एकवीस. आई असती तर नक्की सांगितले असते. शिक्षण मराठी चौथी, पैकी शेवटचे दोन महिने नाहीत. धंदा मिळेल तो. सध्या मिळालेला नाही. राहणार मूळ भरे, तालुका मुळशी. सध्या राहणार असे काही नाही.

मी स्वतः हजर राहून, कोणाच्या भरीला न पडता सांगतो ते असे :

सोमवारी सकाळी मी कोकणातून घाट चढून ताम्हिणीस आलो. तिकडे सुपारीच्या गोण्या उचलायचे काम होते ते संपले. सुपारी सोलतात तेही बघण्यासारखे असते, पण ते नको असे हवालदारसाहेब म्हणाले म्हणून सोडतो. चहाच्या दुकानाबाहेर आरोपी सावळा बाजी मरगळे, धनगर, वय तिशीच्या आतले, बसला होता. आरोपी हा शब्द साहेबांचा. मी त्यास सावळादा म्हणतो. त्याच्या गळ्यात झोळी, झोळीत चार महिन्यांची मुलगी आणि हातात दोरीला बोडकी शेळी होती.

चहावाला म्हणाला, "पोर कुनाचं रं? आई कुटं हाय हिची?"

सावळादा म्हणाला, "माजंच हाय. आई महिन्यामागं गेली."

चहावाला म्हणाला, "मग आजीपाशी ठिवायचं की. बाप्या मानूस पोर घिऊन हिंडतो का कुटं?"

त्याला रिह्याच्या बाजूला भावाच्या मेंढरांच्या वाड्यावर जायचे होते. मला कोठेच जायचे नव्हते. म्हणून बरोबर निघालो.

वाटेत हाच प्रश्न सात ठिकाणी विचारला गेला. मी मोजले. एका वस्तीवर आमच्या पुढे एक बाई लेकरू घेऊन चालली होती. तिला हाक मारून ओट्यावर सावलीत बसवले, ताक दिले. आम्ही पाणी मागितले तर ते बांधावर आणून ठेवले आणि आतल्या बाईने आपली पोरे घरात घेतली. सावळादाने त्याचा राग धरला नाही. पाणी प्याला आणि तांब्या घासून परत ठेवला.

मुलीस तो कसा पाजत असे ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. शेळीची धार काढायची, तीन दगडांवर दूध कोमट करायचे, आपल्या मनगटावर थेंब टाकून बघायचा, मग पितळी बोंडल्याने पाजायचे. पाजून झाले की खांद्यावर घेऊन ढेकर येईपर्यंत फेऱ्या. दुपटी रोज ओढ्यावर धुऊन करवंदीच्या जाळीवर वाळत घालायची. मुलीचे बारसे झालेले नाही. तो तिला "म्हातारे" म्हणतो. "काय म्हातारे, पोट भरलं का?" असे विचारतो आणि उत्तर आल्यासारखा थांबतो. मी पुष्कळ गावे आणि पुष्कळ कारागीर पाहिले, पण असा हात पाहिला नाही.

लुगड्याचे असे. पाजायच्या आधी तो पिशवीतून एक हिरवे लुगडे काढून डोक्यावरून पदर घेई, उरलेले अंगाभोवती गुंडाळी. मी पहिल्यांदा हसलो. तो म्हणाला, "हास लेका. पर ह्याच्याबिगार ती त्वांड लावत न्हाई." लुगडे त्याच्या बायकोचे, बयाबाईचे. त्याने सांगितले ते येणेप्रमाणे :

"मेंढीचं कोकरू मेलं, की आमी त्याचं कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर घालतो. मग मेंढी वासावं त्याला जवळ करती. हितं उलटं झालं. मेंढीच गेली. म्हनून कातडं म्या घातलं."

घरी न सांगता निघाल्याचे तो बोलला होता. मी विचारले, असे लपून का निघालास? तो म्हणाला, "आत्या लुगडं धुवाया काढीत हुती. धुतलं असतं तर पोरीनं मला वळखायचं कशावं?" आत्या म्हणजे त्याची सासू, फिर्यादी तुकाबाई. मूल तिच्याकडेच होते.

तो रडला काय, असे साहेबांनी विचारले. मी पाहिले नाही. तोंड धुवायला मात्र वरचेवर ओढ्यावर जाई.

माझी आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. बहिणीला मावशीने नेले. माझ्याविषयी ठरले, की पोरगा हाय, कुटंबी जगंल. त्याचा येथे संबंध नाही.

आज सकाळी अकराच्या सुमारास रिह्याच्या अलीकडच्या एका वाडीजवळ आलो. तेथे विहिरीवर नवे ऑइल इंजिन बसवले होते, आवाज लांबून येत होता. मी म्हणालो, बघून येतो. तो म्हणाला, "जा. आमी आंब्याखाली हाय." मी फार वेळ थांबलो. पट्टा कसा फिरतो ते बघत होतो. किती वेळ ते मला सांगता येत नाही.

परत आलो तेव्हा तीस-चाळीस माणसे जमली होती. ओढ्यावरच्या बायकांनी पदराखाली मिशा पाहिल्या आणि पोरे पळवणारा म्हणून ओरडा केला. त्याला आंब्याला बांधले होते. डाव्या कानातून रक्त येत होते. मारणाऱ्यांची नावे मला माहीत नाहीत. मूल रंभाबाई नावाच्या बाईकडे होते. ती स्वतः अंगावर पाजायला बघत होती, पण मूल काळेनिळे होईस्तोवर रडत होते. मी ओरडून सांगितले, तो तिचा बाप आहे. एकजण म्हणाला, "बाप कवा शेळी घिऊन पोर पाजीत बसतो व्हय?"

सावळादा मार चुकवीत नव्हता. तो रंभाबाईकडे बघून म्हणत होता, "बाई, मान धरा तिची. लुगडं तेवढं तिच्या अंगावं टाका. मग मारा मला."

रंभाबाईने टाकले. मूल गप्प झाले. त्यानंतर कोणी मारले नाही. दोरी रंभाबाईनेच सोडली. मग बैलगाडीतून सर्वांना येथे आणले. शेळी गाडीमागे चालत आली.

फिर्यादी तुकाबाई नात पळवल्याची तक्रार घेऊन आधीच ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मूल ओढून घेतले आणि म्हणाल्या, "बाप्याला पोर जगवता येतं व्हय? त्यानं मेंढरं राखावी." मूल रडू लागले, त्यांच्याकडे राहीना. साहेबांनी परवानगी दिल्यावर सावळादाने लुगडे अंगावर घेतले, आणि आम्हा सर्वांसमक्ष, दोन शिपाई हसत असताना, मुलीस पाजले. तुकाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मग उठल्या.

"गाठ खाली मारलीस," त्या म्हणाल्या. "बया वर मारायची, डाव्या खांद्याव." आणि त्यांनी ती सोडून स्वतः मारून दिली.

साहेबांनी विचारले, बाई, तक्रार लिहून घ्यायची का? त्यावर त्या म्हणाल्या, "त्या शेळीला कुनी पानी पाजलं का न्हाई?"

पाजले नव्हते. ते मी आता पाजून आलो आहे.

मी इंजिन बघायला गेलो नसतो तर हे झाले नसते, एवढे माझ्या नावावर लिहावे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. मूल झोपले होते म्हणून साहेबांनी हळू आवाजात वाचला, पण मला सर्व ऐकू आले. ते माझ्या सांगण्याबरहुकूम आहे.

सही – नथू भिवाजी गोळे