बिजेचा पाट

हॅलो?… हॅलो! कोण?… जोरात बोल वं, नुसती घरघर होऊन राहिली… कोण, सुहासिनी?… हो, हो, मी यमुताईच. खालच्या शोभाताईंनी त्यांच्या फोनवर बोलावलं, तशीच धावत आली. मौद्याहून ट्रंककॉल म्हटल्यावर चपलाही नाही घातल्या… सगळे बरे आहेत ना? गिरिधर?… मग ठीक.

काय आणू?… सांग… संत्राबर्फी. उटणं. फुलबाज्या… आणि डालड्याचा डबा? अगं, मौद्याले डालडा मिळत नाही का?… इथं शहरातही नाही मिळत, बाई! परवा रांगेत उभी राहिली. माझा नंबर आला अन् दुकानदारानं फळ्या लावून घेतल्या. वर म्हणतो कसा, सणासुदीचे दिवस आहेत, समजून घ्या. काय समजून घेऊ? सण जवळ आला की साखर पळते, तूप पळतं, रवा पळतो. जागेवर राहतो तो रांगेतला माणूस… शी! वीट आला मले.

अगं ऐक ना. माझं पत्र नाही मिळालं का तुम्हाले?… मिळालं? वाचलं?… मग? त्यात लिहिलंच होतं ना मी. यंदा भाऊबिजेले मी येत नाही. गिरिधरनं इकडं यावं… हसून काहून राहिली?… थट्टा नाही वं!

सवय?… मले प्रवासाची सवय? बालवाड्या तपासत फिरते म्हणून काय एस.टी.तच जन्मली का मी? आज सकाळीच चिमूरहून आली. कशी आली, सांगू? खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, तर त्या रुमालावरच एक बाप्या बसलेला. उठला तेव्हा रुमालाले चिवड्याचं तेल. पुढं एक पोरगं ओकलं, मागं विड्या. अन् ज्याच्या त्याच्या मांडीवर डबा. डब्यात काय? चिवडा! इकडचा चिवडा तिकडं चालला, तिकडचा इकडं. पोहे तेच, दाणे तेच, वरचं खोबरंही तेच. अन् तेवढ्यासाठी वाढीव भाडं भरून अर्धा जिल्हा एकमेकाच्या अंगावर… हो, मीही नेत होती दरवर्षी. मी कुठं नाही म्हणते?

अन् ओवाळणीचं तरी काय! गिरिधरनं मागच्या बिजेले ताटात घातलेला जांभळा खण आठवतो?… हो, तोच. तो मीच तुले दिला होता, संक्रांतीले. घडी तशीच, अन् घडीत माझ्या पेटीतला कापूर… तेव्हा मी बोलली नाही, आज बोलली. संपलं.

मागून कोण सांगून राहिलं तुले?… गिरिधर उभा आहे ना तिथं? दे त्याले… कामात आहे? सुटीच्या दिवशी त्याच्या भातगिरणीच्या ऑफिसात फोन करायले आलात दोघं, अन् कामात? भात कांडून राहिला का तो तिथं?… बरं, तूच सांग.

कोण येणार?… तुझा भाऊ. गोंदियाहून… येऊ दे ना, चांगलं आहे… म्हणून गिरिधरले निघता येत नाही. साळा आला तर घरात माणूस पाहिजे… अन् पुरण वाटायले यमुताई पाहिजे. असंच ना?… बरं, मले एक सांग, सुहासिनी. तुझा भाऊ गोंदियाहून तुझ्या घरी येतो. माझा भाऊ तासाभराच्या वाटेवर आहे. तो माझ्या घरी काहून येत नाही?

… काय म्हणाली?… पुन्हा म्हण… "तुमचं घर म्हणजे हेच ना."

… गोड बोललीस. अगदी गुळासारखं. म्हणजे माझं लग्न झालं असतं तर सासर असतं. सासर असतं तर गिरिधर नवं धोतर नेसून आला असता, माझ्या दारात चपला काढल्या असत्या. मी लग्न केलं नाही, म्हणून माझ्या दोन खोल्या म्हणजे धर्मशाळा! त्यांचं भाडं मी भरते वं. चूल माझी आहे. दारात तुळस आहे, तिच्यापाशी रोज पणती लावून राहिली मी… अन् पाट आणला आहे… पाट! बसायचा! सागाचा. चंद्रपूरच्या सुताराकडून करून घेतला, गाडीत दोन पायांत धरून आणला. एक म्हातारी त्यावर बसली ते वरोऱ्यापर्यंत उठलीच नाही. ती उतरली, तर एकजण त्यावर पान थुंकला… हो, पान! खिडकी सोडून पाटावर! काय एकेक जनावर भरलेलं असतं त्या गाडीत. घरी आणून चिंचेनं घासला, राखेनं घासला, तरी कोपऱ्यात लाल डाग राहिलाच. म्हटलं, रांगोळीनं झाकू… कोणासाठी म्हणजे?

आमचा मामा यायचा बिजेले, बैलगाडीनं. नाल्यापलीकडं घुंगरं वाजली की आई चुलीवरचं चुलीवर सोडून दारात. त्या दिवशी तिच्या कपाळाचं कुंकूसुद्धा मोठं दिसे. कोणी तिच्या वाटेनं आलं होतं ना… गिरिधरले विचार. त्याले आठवेल.

एकटी काय करीन?… चंद्राले ओवाळीन… ओरडू नको वं, कान फुटला! माहीत आहे मले. जिले भाऊ नाही तिनं चंद्राले ओवाळावं. भाऊ जिता असताना असं तोंडातून काढू नये. पण कोणी काढायले लावलं?… बिजेची कोर नखाएवढी असते, सुहासिनी. घटकाभर इथल्या तलावावर टेकते अन् जाते. पण मी जिथं उभी असते तिथं येते तर खरी. तिले साळा नाही, गिरणी नाही… हॅलो?… फोन कोणी हिसकला?…

गिरिधर?… झालं काम?… बोल… बोल ना गा… नाही. रागावली नाही, विटली आहे… रडू नको, गिरणीतले लोक पाहतील… येतो म्हणतोस? अन् साळा?… त्याच्या ताटाले सुहासिनी आहेच. तू दुपारी नीघ, घटकाभर टेक, रात्रीच्या गाडीनं जा…

काय?… कुठं उतरायचं?

… तुले माहीत नाही?… आईचं वर्षश्राद्ध झालं तेव्हापासून मी इथं राहून राहिली, गिरिधर… बरं. बरं, ऐक. आधी पारडी लागेल, तिथं उतरू नको. सरळ स्टँडवर ये. रिक्षा कर. महालच्या बाजारात शिरू देऊ नको रिक्षावाल्याले, दिवाळीची गर्दी आहे, अडकशील. सक्करदरा तलाव सांग. तलावापाशी कडुलिंब आहे, त्याच्या… हॅलो?… ऐकू येऊन राहिलं का?… अहो ऑपरेटर, तोडू नका हो! वाट सांगून राहिली मी!… हॅलो?… हॅलो?…

… तुटला वाटते. तरी सांगते… कडुलिंबाच्या डाव्या हाताले गल्ली. दुसरं घर, वरचा मजला. जिना अंधारा आहे, डोकं सांभाळ. कडी वाजवू नको, दार उघडंच ठेवते… अन् तो जांभळा खण आणू नको, गिरिधर. रिकाम्या हातानं ये.